उंचीची पावडर नको, घंटेला दहा उड्या द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या पेपरात मुलांची उंची वाढवणाऱ्या, हाडं दणकट करणाऱ्या एका पावडरीची पानभर जाहिरात आली होती आणि पान उलटलं की लगेच आठवी नववीच्या क्लासेसच्या जाहिराती. मी परळ भागातल्या एका मराठी शाळेत पीटी शिकवते, पाचवी ते दहावी. रोज याच वयाची मुलं समोर असतात त्यामुळे ती दोन पानं बघून राहवेना, म्हणून हे लांबलचक पत्र. मधलं काही कापलंत तरी चालेल पण शेवटच्या मागण्या तेवढ्या कापू नका, शाळेची घंटा झाली की मुलांनी जागेवर दहा उड्या माराव्यात ही त्यातली मुख्य.

मुद्दा एकच आहे. मुलांची हाडं भरायची जी वर्षं असतात, साधारण दहा ते पंधरा, नेमकी तेव्हाच आपण मुंबईतली मुलं खाली बसवून ठेवलीत आणि त्याची भरपाई पावडर, गोळ्या आणि दुधाच्या ग्लासाने होईल असं धरून चाललोय. ती होत नाही. कॅल्शियम लागतंच, शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं, त्याबद्दल वादच नाही, पण ते कॅल्शियम हाडात कुठे आणि किती बसायचं हे ठरतं त्या हाडावर पडणाऱ्या भाराने. स्नायूने हाड खेचलं, पाय जमिनीवर दणकन पडला, की हाडातल्या पेशींना कळतं की इथे भरायला हवं. दिवसभर बाकावर, संध्याकाळी क्लासच्या बाकावर आणि रात्री मोबाईल घेऊन गादीवर, मग त्या पेशींना कळणार काय.

हे काही माझं पीटीवाल्या बाईंचं तत्त्वज्ञान नाही. जर्मनीतल्या युलियस वोल्फ नावाच्या सर्जनने १८९२ मध्येच मांडलं होतं की हाड त्याच्यावर येणाऱ्या ताणाप्रमाणे आपली रचना बदलतं. अंतराळवीरांचं बघा, वर वजनच जाणवत नाही त्यामुळे त्यांच्या खुब्याच्या हाडातलं एक ते दीड टक्का खनिज दर महिन्याला कमी होतं, आणि त्यांच्या खाण्यापिण्याची तर केवढी काळजी घेतलेली असते. टेनिस खेळणाऱ्यांच्या रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा दणकट असतं, दोन्ही हातांना जेवण एकच, रक्त एकच, फरक फक्त वापराचा. फिनलंडमधल्या संशोधकांनी १९९५ मध्ये टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या बायकांचे हात मोजले तेव्हा दिसलं की ज्यांनी पाळी सुरू व्हायच्या आधी किंवा त्याच सुमारास खेळायला सुरुवात केली होती त्यांना नंतर सुरू करणाऱ्यांपेक्षा साधारण दुप्पट फायदा झाला होता. म्हणजे खेळ तोच, पण कोणत्या वयात खेळलात याला एवढी किंमत आहे.

आता वजनाबद्दल बोलते कारण पालकसभेत सगळ्यात जास्त गैरसमज मला इथेच दिसतो. मुलगा गुबगुबीत असला की आईबाबा निर्धास्त, खात्यापित्या घरचा आहे, हाडापेराने मोठा आहे, त्याला काय होतंय. आणि मुलगी बारीक असली की दुसऱ्या टोकाची काळजी, बाई काहीतरी सांगा ना हिला, अंगाला लागतच नाही. दोन्हीकडे सगळ्यांचं लक्ष काट्यावर. पण काटा फक्त किलो दाखवतो, त्यातलं हाड किती, स्नायू किती आणि चरबी किती हे तो सांगत नाही, आणि हाडांच्या दृष्टीने सगळा खेळ त्याच वाटणीचा आहे.

जाड मुलाचं हाड बारीक मुलापेक्षा मोठं आणि वजनदार भरतं हे खरंय, रोज जास्त ओझं वाहतं ना ते. पण त्याच्या वजनाच्या मानाने बघितलं तर बऱ्याचदा ते कमी पडतं. कारण हाडाची खरी वाढ स्नायूबरोबर होते, चरबीबरोबर तेवढी होत नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनला आयल्सा गोल्डिंग यांच्या टीमने मनगटाजवळ हात मोडलेली मुलंमुली तपासली तेव्हा त्यांच्यात वजन जास्त असलेली मुलं जास्त आणि हाडातलं खनिज कमी असं दिसलं होतं. साधी गोष्ट आहे, पडल्यावर जास्त वजन हातावर येतं, तोलही लवकर जातो, आणि हाड त्या मानाने तयार नसतं. शिवाय पोटातली चरबी नुसती बसून राहत नाही, शरीरात बारीक सूज धरून ठेवते आणि ती हाडाला चांगली नाही. अस्थिमज्जेत चरबीची पेशी आणि हाड बांधणारी पेशी एकाच मूळ पेशीपासून तयार होते, ती कुठल्या बाजूला वळणार हे बऱ्याच गोष्टींवर ठरतं आणि हालचाल ही त्यातली एक मोठी गोष्ट. डी व्हिटॅमिन चरबीत विरघळणारं, त्यामुळे जाड मुलांच्या रक्तात ते कमी सापडतं. म्हणजे हा मुलगा सगळीकडून मार खातो, आणि वर्गात त्याला मस्करीत काय काय म्हणतात ते वेगळंच. त्यामुळे तो मैदानात यायलाच लाजतो, कडेला बसतो, बूट विसरलो सांगतो. अशा मुलांना मी कधीही रनिंगमध्ये सगळ्यांच्या मागे पळवत नाही. त्यांना ताकदीची कामं देते, रस्सीखेच, मेडिसिन बॉल म्हणजे व्यायामाचा जड चेंडू, कबड्डीत पकड, आणि तिथे ती अशी खुलतात की बघत राहावं.

आता बारीक मुलांकडे या. आपल्याकडची खरी गोम इथे आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं आणि इंग्लंडमधली बाळं यांची तुलना केली. आपलं बाळ सरासरी २.७ किलोचं, तिकडचं ३.५ किलोचं, पण आपल्या बाळात कमी होते ते स्नायू, त्वचेखालची चरबी मात्र जवळपास तेवढीच टिकून होती. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. मी हा फोटो माझ्या वर्गातल्या मोठ्या मुलांना दाखवते. सांगायचं एवढंच की आपलं पोर काडीसारखं दिसतंय म्हणजे त्याच्यात चरबी नाही असं नसतं, हातपाय बारीक आणि पोट मात्र शर्टातून पुढे आलेलं अशी मुलं प्रत्येक वर्गात आहेत आणि त्यांची आई त्यांना तूप, बिस्किटं आणि पावडर घालून अजून वजन वाढवायच्या मागे आहे. त्या पोराला स्नायू हवेत, आणि स्नायू भरायला डाळ, अंडं, मासे, दही यातलं प्रथिन पाहिजे आणि त्याच्या जोडीला रोजची धावपळ. यातलं एकच दिलं तर भागत नाही.

म्हणून मी पालकांना सांगते काटा जरा बाजूला ठेवा, मुलाला बागेतल्या बारला लटकवा आणि बघा किती वेळ टिकतो, दोरीवर सलग किती उड्या मारतो, लिफ्ट सोडून चार मजले चढला तर कितव्या जिन्याला कठडा धरतो. ही काही डॉक्टरी तपासणी नाही. पण स्नायूचा अंदाज येतो, आणि मुख्य म्हणजे पुढच्या महिन्यात परत बघता येतं.

आता वयाचं. कॅनडातल्या सॅस्कॅचवानमध्ये मुलामुलींना वर्षानुवर्षं मोजत राहून एक मोठा अभ्यास झाला, त्यात असं निघालं की मोठेपणी हाडात जेवढं खनिज असतं त्याचा चौथा हिस्सा, २५-२६ टक्के, फक्त दोन वर्षांत भरला जातो. मुलींचा भर साडेबारा वर्षांच्या आसपास आणि मुलांचा चौदाच्या आसपास. अठरा ते वीसपर्यंत नव्वद टक्के काम संपलेलं असतं. त्यातलं बरंचसं, साठ ते ऐंशी टक्के, आईवडिलांकडून आलेलं असतं त्यावर आपला काही इलाज नाही, पण उरलेलं आपल्या हातात आहे आणि तेही थोडं नाही. एका हिशेबाप्रमाणे तरुणपणी हाडाची घनता दहा टक्के जास्त कमावली तर म्हातारपणचा ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, तेरा वर्षं पुढे जातो.

याच दोन वर्षांत अजून एक भानगड असते. आधी उंची सुटते आणि खनिज मागून येतं, मध्ये काही महिन्यांचं अंतर पडतं. इमारतीचा स्लॅब टाकलाय पण सिमेंट अजून नीट धरलं नाही तसा तो काळ. म्हणूनच मुलींचे अकरा बारा आणि मुलांचे तेरा चौदा या वयात हात जास्त मोडतात. अमेरिकेत मिनेसोटामधल्या रॉचेस्टर गावात १९६९ ते ७१ आणि १९९९ ते २००१ या दोन काळांतले हात मोडल्याचे आकडे ताडून बघितले तर तीस वर्षांत मुलांमध्ये ३२ टक्के आणि मुलींमध्ये ५६ टक्के वाढ झालेली होती. का झाली यावर तिकडेच अजून चर्चा आहे, पण बसणं वाढलं, वजन वाढलं, दूध जाऊन कोल्ड्रिंक आलं, हे त्याच काळात झालं आणि आता आपल्याकडे होतंय.

आणि हात मोडल्यावर घरी काय होतं ते मी बघते. प्लास्टर निघतं, आणि आईचं ठरलेलं वाक्य, आता वर्षभर खेळ बंद. अहो ताई, प्लास्टरमध्ये असताना त्या हाताचं हाड आणि स्नायू दोन्ही आधीच उतरलेले असतात, आता तर त्याला जास्त काम द्यायला हवं. डॉक्टरांना विचारून, हळूहळू, पण परत मैदानात पाठवा. आणि जर किरकोळ पडून दोनदा तीनदा हाड मोडलं तर मात्र घरगुती उपाय सोडून मुलांच्या डॉक्टरांकडे जा, मागे काहीतरी कारण असू शकतं.

मुलींचं तर मला फार मनापासून लिहायचंय. साडेबारा वर्षं म्हणजे कितवी? सातवी. आणि मुली मैदान सोडतात ती नेमकी सहावी सातवीत. पाळी सुरू होते, मग आई चिठ्ठी देते की हिला पीटीला बसवू नका. आजी म्हणते आता मोठी झालीस, उड्या काय मारतेस. स्कर्टची लाज वाटते, मुलं बघतात, शाळेचं टॉयलेट धड नाही, पॅड बदलायला जागा नाही. एक एक कारण खरं आहे, मी नाकारत नाही, पण सगळ्यांची बेरीज अशी होते की आयुष्यात हाड सगळ्यात जास्त ज्या वर्षी भरतं त्या वर्षी ती मुलगी कट्ट्यावर बसून मैत्रिणींच्या बॅगा सांभाळते. मुलांकडे अजून दीड वर्षं असतं, तिच्याकडे ते नाही. आणि पन्नाशीनंतर हाडं ठिसूळ होण्याचा धोका बायकांनाच जास्त. त्यात आठवी नववीपर्यंत डाएट सुरू होतं, इन्स्टाग्राम बघून दुपारचा डबा परत नेतात, भात बंद, पोळी अर्धी. फार कमी खाऊन पाळी बंद पडली तर इस्ट्रोजेन कमी होतं आणि ते हाड राखणारं हॉर्मोन आहे, त्यामुळे तीन चार महिने पाळी आली नाही तर बरंच झालं असं म्हणून सोडू नका, दाखवा. पाळीत पोट दुखत नसेल तर उड्या मारायला काहीही हरकत नसते. ट्रॅक पँट घालू द्या. आणि आयांनो, तुम्ही मंगळागौरीला फुगड्या घालता, झिम्मा खेळता, पिंगा घालता, दोन पायांवर दणादण उडता, ते सगळं हाडासाठी उत्तम आहे, मग मुलीला कशाला थांबवता.

जागेचं रडगाणं मुंबईत सगळेच गातात आणि ते खरं आहे. जुन्या चाळीला निदान अंगण होतं, तिथे लगोरी, डबा ऐसपैस, लंगडी, विटीदांडू चालायचं. आता टॉवर आले, खाली सगळी गाड्यांची पार्किंग, पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या गच्चीवर, लॉन आहे आणि त्यावर बोर्ड, इथे खेळण्यास सक्त मनाई. शिवाजी पार्क सगळ्यांच्या घरासमोर नाही. शाळांची तर अजून कठीण अवस्था, शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात शाळेला मैदान हवं असं लिहिलंय, प्रत्यक्षात किती शाळांचं मैदान म्हणजे दोन इमारतींमधली फरशीची पट्टी असते हे सगळ्यांना माहीत आहे. आणि ज्यांना आहे तिथेही पीटीचा तास गणिताला जातो. युनिट टेस्ट आली की पीटी रद्द, पोर्शन राहिला की पीटी रद्द, आणि आम्ही पीटीवाल्यांनी काही बोलायचं नाही.

बऱ्याच पालकांनी त्यावर तोडगा म्हणून मुलांना स्विमिंगला घातलंय. पोहणं चांगलंच आहे, दम वाढतो, वजन आटोक्यात राहतं, जीव वाचवायला उपयोगी. पण पाण्यात शरीराचा भार हाडावर पडत नाही त्यामुळे हाडाच्या हिशेबात ते फारसं धरता येत नाही, सायकलचंही तसंच. त्याच्या जोडीला धावण्या-उड्यांचं काहीतरी हवं. खोखो, कबड्डी, बास्केटबॉल, बॅडमिंटन, फुटबॉल, दोरीच्या उड्या. मल्लखांबासारखं पूर्ण शरीर तोलणारं काही मिळालं तर सोनंच, दादरच्या उदय देशपांडे सरांना त्यासाठी २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. अशा माणसांच्या शहरात राहून मुलांना बारला लटकता येऊ नये याचं मला वाईट वाटतं.

उन्हाचं थोडक्यात. डी व्हिटॅमिन नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून नीट आत जात नाही, आणि डी मुख्यतः कातडीवर ऊन पडून तयार होतं. आपल्या सावळ्या कातडीला त्यासाठी जास्त वेळ लागतो, आणि कोवळं ऊन कोवळं ऊन म्हणतात त्या सकाळी सातच्या उन्हात त्याला लागणारे किरण फारच कमी असतात, आपल्याकडे साधारण अकरा ते तीनचं ऊन त्या कामाचं, आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते तेव्हाचं. खिडकीच्या काचेतून ते किरण येत नाहीत. धुरकट हवाही ते अडवते, आणि पावसाळ्यात चार महिने ढग. केंद्र सरकारच्या २०१६-१८ च्या पोषण सर्वेक्षणात दहा ते एकोणीस वयाच्या २४ टक्के मुलामुलींमध्ये डी ची कमतरता निघाली, पाच ते नऊ वयात ती १८ टक्के होती. म्हणजे मूल जसं मोठं होतं, अभ्यासाला लागतं, तसं घरात जातं आणि आकडा वाढतो.

यावर मला आपल्याच महाराष्ट्रातलं एक जुनं काम फार महत्त्वाचं वाटतं. १९२२ मध्ये हचिसन आणि शहा यांनी नाशिककडच्या मुलांमधल्या मुडदुसावर, म्हणजे डी कमी पडून हाडं मऊ होऊन वाकण्याच्या आजारावर, लिहिलं होतं. चांगलं खाणाऱ्या पण घराबाहेर न पडणाऱ्या घरांतल्या मुलांना मुडदूस होता, आणि साधं खाणाऱ्या, बाहेर उन्हात असणाऱ्या गरीब मजुरांच्या मुलांना नव्हता. शंभर वर्षं झाली. आजची एसी व्हॅनने शाळेत जाणारी, एसी क्लासमध्ये बसणारी मुलं बघते तेव्हा मला तेच आठवतं. सकाळच्या शाळा साडेबाराला सुटतात तेव्हा पोरांना दहा पंधरा मिनिटं तिथेच खेळू द्या, लगेच व्हॅनमध्ये कोंबू नका. एप्रिल मेच्या उकाड्यात अर्थातच सांभाळून, पाणी पाजून, थोडाच वेळ.

खाण्याचं आपल्याकडे इतकं चांगलं आहे की पावडरीची गरजच नाही. सरकारी शिफारशीप्रमाणे दहा ते बारा वयाला रोज ८५० मिलिग्रॅम आणि तेरा ते पंधराला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. कपभर दुधात किंवा दह्यात अडीचशेच्या आसपास मिळतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे नाचणीची भाकरी, आंबील, सत्त्व जे आजीला येतं ते करा. तीळ, राजगिऱ्याचा लाडू, शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी. मासे खाणाऱ्या घरात मांदेली काट्यासकट कुरकुरीत तळलेली, जवळा, सुके बोंबील. पालकाच्या भाजीत कॅल्शियम दिसतं पण तिच्यातल्या ऑक्झलेट नावाच्या द्रव्यामुळे अंगाला फार लागत नाही. आणि मिठावर लक्ष ठेवा, वेफर्स, चायनीज भेळ, इन्स्टंट नूडल्स यातल्या जास्तीच्या मिठाबरोबर लघवीतून कॅल्शियम बाहेर जातं. कोल्ड्रिंक घरात आणूच नका. पावडरींबद्दल एवढंच की २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनेच ऑनलाइन विकणाऱ्यांना सांगितलं होतं की अशी पेयं हेल्थ ड्रिंक या नावाखाली दाखवू नका, कारण अन्न कायद्यात तशी काही व्याख्याच नाही. डब्यावर साखर किती आहे ते वाचा मग घ्या.

डी च्या सॅशेबद्दलही बोलायला हवं. साठ हजार युनिटचा सॅशे हल्ली केमिस्टकडून आणून घरातल्या सगळ्यांना वाटतात. मुलाची रोजची गरज ६०० युनिट, म्हणजे एका सॅशेत शंभर दिवसांचं. डॉक्टरांनी कमतरता बघून दिला तर ठीक, नाहीतर महिनोन्महिने घेत राहिलात तर रक्तात कॅल्शियम वाढून किडनीला त्रास होतो. तसंच मुलांची हाडांची स्कॅन उठसूट करू नका, त्यात बुटक्या मुलाचं हाड उगाच कमी दिसतं, तो रिपोर्ट वाचायला लहान मुलांचा जाणकार लागतो.

आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सहा ते दहा वर्षांच्या मुलांना सात महिने, आठवड्यातून तीनदा, दोन फूट उंच खोक्यावरून दोन्ही पायांवर शंभर शंभर उड्या मारायला लावल्या, तर नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्या मुलांपेक्षा त्यांच्या खुब्यात आणि मणक्यात खनिज जास्त भरलं. आपल्याला ते खोके बिके जमणार नाहीत. पण कॅनडातल्या व्हँकुव्हरकडच्या शाळांनी २००५ च्या सुमारास एक फार सोपी गोष्ट करून बघितली. शाळेची घंटा झाली की जागेवर उभं राहून दहा उड्या. दिवसातून तीनदा. मिळून तीन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. आठ महिन्यांत त्या मुलांच्या मांडीच्या वरच्या टोकाचं हाड बाकीच्यांपेक्षा सुमारे दोन टक्के जास्त वाढलं. तीनदा का, तर हाडाच्या पेशी सलग ठोक्यांना लवकर सरावतात, थोड्या उड्यांनंतर पुढच्या उड्यांचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही, मध्ये काही तास गेले की परत पहिल्यासारख्या जाग्या होतात. त्यामुळे एकदम शंभर मारण्यापेक्षा दिवसभरात तुकड्या तुकड्याने मारलेल्या बऱ्या.

मैदान नसलेल्या मुंबईतल्या शाळेसाठी याहून सोयीचं मला काही माहीत नाही. पैसे नाहीत, सामान नाही, गणिताचा तासही जात नाही. आमच्या शाळेत मोठ्या बाईंनी पाचवी सहावीला परवानगी दिली तेव्हा खालच्या मजल्यावरच्या वर्गाने धडधड होते म्हणून तक्रार केली, त्यामुळे आता वर्ग आळीपाळीने खाली पॅसेजमध्ये येतात. जुन्या इमारतींनी हे ध्यानात ठेवावं, वरच्या मजल्यावर साठ मुलं एकदम उडवू नका. उडी मारताना गुडघे किंचित वाकवून, दोन्ही पायांवर एकदम उतरायचं, बूट घातलेले हवेत, फरशी ओली नको. ज्यांचं वजन खूप आहे किंवा गुडघे दुखतात त्यांनी छोट्या उड्या किंवा जागेवर जोरात पाय आपटत कवायत, दम्यावाल्यांचा पंप जवळ ठेवायचा, नुकतं प्लास्टर निघालेल्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी आणायची. आणि या दहा उड्या म्हणजे खेळाची सुट्टी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत पाच ते सतरा वयाला रोज साठ मिनिटं घाम येईल अशी हालचाल आणि त्यात आठवड्यातले तीन दिवस स्नायू-हाडांना ताण देणारा व्यायाम सांगितलाय. उड्या त्याच्या जोडीला आहेत, त्याऐवजी नाहीत.

म्हणून माझ्या मागण्या. महापालिकेच्या आणि राज्याच्या शिक्षण खात्याने सगळ्या शाळांना, इंग्रजी मराठी उर्दू गुजराती सगळ्या, एक परिपत्रक काढून शाळा भरताना, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना घंटेबरोबर दहा उड्या सुरू कराव्यात. पाचवी ते आठवीचा पीटीचा तास दुसऱ्या विषयाला देता येणार नाही असं लेखी द्यावं. हेल्थ चेकअपच्या कार्डावर उंची आणि वजनाच्या शेजारी लांब उडीचा आणि लटकण्याचा एक एक रकाना वाढवावा. सातवी आठवीच्या मुलींसाठी कपडे बदलायची खोली आणि धड टॉयलेट आधी द्यावं, मग त्या का खेळत नाहीत म्हणून विचारावं. हाउसिंग सोसायट्यांनी संध्याकाळी निदान दीड दोन तास पोडियम मुलांना मोकळा सोडावा. क्लासवाल्यांनी दोन तासांच्या बॅचमध्ये मध्ये पाच मिनिटं मुलांना उठवावं, त्यांना कोणी अडवलेलं नाही. आणि संपादक साहेब, पावडरीची जाहिरात आपण छापता तर या घंटेच्या उड्यांवर आपल्या पेपरात एक चौकट छापा, शाळांच्या सूचना फलकावर लावता येईल एवढी, जूनमध्ये शाळा सुरू होतात त्या आठवड्यात.

आपली,
परळ, मुंबई येथील एक शारीरिक शिक्षण शिक्षिका